बिगारीचं वंगण

रामकिसनच्या उजव्या हाताला दोनच बोटं राहिली होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन आबाराव मुख्त्याराच्या फटफटीनं खाल्ली, असं भोकरदनात लोक म्हणत. फटफटीला दात नसतात. बोटं आबारावानं घेतली, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळा दोष यंत्राच्या माथ्यावर.

झालं होतं असं. हसनाबादच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. तेल रामकिसननं भरलं होतं. आबारावानं जागच्या जागी निवाडा केला. रामकिसनचा हात मागच्या चाकाच्या साखळीवर ठेवायला लावला आणि शेतातली माणसं बोलावून गाडी ढकलायला सांगितली. माणसं आली. त्यांनी ढकलली. ढकलणाऱ्यांत रामकिसनचा सख्खा साडू होता.

आता त्याच फटफटीत तेल घालायला पुंजारामला जालन्याहून बोलावणं आलं.

पुंजाराम जालन्यात कापसाच्या एका जिनात तेलाचं इंजन चालवायचा. लढाईच्या काळात फौजेच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात होता, फटफटीचा खिळा न् खिळा त्याला ठाऊक. हे त्यानं जिनातल्या लोकांपुढं फुशारकीनं सांगितलं होतं आणि ती फुशारकी भोकरदनच्या गढीपर्यंत पोचली. शिपाई न्यायला दारात उभा राहिला तेव्हा बायको, दुर्गाबाई, म्हणाली, "न्हाई म्हणलं तर बांधून नेतेन. जावा. पर काम झालं की हात खिशात घालून बसत जावा."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. दोघंही हसले.

गढीतल्या पागेत आता घोडे नव्हते, फटफटी होती. फौजेनं मोडीत काढलेली, वरून काळा रंग फासलेली, बाजूला माणूस बसायची डोली जोडलेली. आबाराव बाजेवर बसून पान लावत होता. जहागीरदार हैदराबादेत राहायचे आणि इथं त्यांच्या नावानं मारायचं काम आबारावाकडं होतं. तो काही परमुलखातून आलेला नव्हता. आपल्यातलाच. देवळात पहिला नारळ त्याचा, लग्नात पहिली पंगत त्याची.

"तूच का फौजेतला मिस्तरी?"

"जी, सरकार."

"हा बघ." आबारावानं हनुवटीनं कोपरा दाखवला. रामकिसन तिथं भिंतीला टेकून बसला होता, हात चिंधीत गुंडाळलेला. त्याला मुद्दाम आणून बसवलं होतं. "ह्याला म्या इचारलं, तेल कोणतं घालायचं? हा म्हणला, तेल म्हंजे तेल. तू काय म्हणतो?"

पुंजारामनं फटफटीकडं बघितलं. "तीन जागी तीन तेलं लागतेत, सरकार."

"एका गाडीला तीन? आरं, माझ्या बायकोला दोनात भागतं, एक डोक्याला, एक भाजीला!"

दाराशी बंदूक घेऊन उभा असलेला राधाकिसन मोठ्यानं हसला. त्याला हसायचाच पगार होता.

पुंजाराम गाडीशेजारी उकिडवा बसला. बोलत राहिलं तर भीती कमी वाटेल असं त्याला वाटलं. "इंजनात जाळ असतो, सरकार. ह्या उन्हात पातळ तेल पाण्यावानी होतं आन् पिस्टन धरून बसतो. तिथं दाट पायजे. गिअरपेटीत दातावर दात घासतो, तिथं त्याहून दाट, काकवीवानी. आन् ही तिसरी." त्यानं डाव्या अंगाच्या चपट्या पेटीवर हात ठेवला. "हिच्यात एक छोटी साखळी हाये, आन् क्लचच्या चकत्या. चकत्यांनी एकमेकीला घट धरलं तर गाडी वढती. हिच्यात पातळच तेल, आन् तेबी बेतानं. दाट पडलं का चकत्या घसरत्या. इंजन बोंबलत राहतं आन् गाडी जागची हालत न्हाई."

कोपऱ्यात रामकिसननं मान वर केली. तीनही पेट्यांत त्यानं एकच काळं दाट तेल भरलं होतं. बोटं कशापायी गेली ते त्याला आज कळत होतं.

"बराबर," आबाराव म्हणाला. "तिन्ही तूच निवडायची. उद्या सकाळी धावड्याला जायचं. तू डोलीत बसायचं, माझ्या शेजारी. वाटेत थांबली तर..." त्यानं पानाचा देठ दातानं तोडून थुंकला.

धावड्यानं लेव्हीची, म्हणजे सरकारजमा करायची, ज्वारी द्यायला नकार दिला होता. पायी माणसं धाडली की खबर त्यांच्या आधी पोचायची आणि गाव धान्य घेऊन डोंगराआड, संस्थानाच्या हद्दीपलीकडं उतरायचं. म्हणून आबारावाला फटफटी पाहिजे होती. आधी आपण पोचायचं, बंदूक दाखवून गावाच्या वाटा अडवायच्या आणि कडब्याच्या गंज्यांना काडी लावायची. ज्वारीचा पत्ता मग आपोआप लागतो. हे त्यानं आधी एका गावात केलं होतं. पुंजारामला हे सगळं माहीत होतं. पागेतल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

आता तेल आणायचं कुठून? हद्दीवर नाकेबंदी, टिनातलं विलायती तेल यायचं बंद झालेलं. पुंजारामनं जिनातून इंजनाचं तेल आणलं होतं, पिंपाच्या तळाचं. रुईच्या चरक्यांना घालतात ते पातळ तेलही एका बाटलीत होतं. गिअरपेटीसाठी गावाबाहेर मोडून पडलेल्या लॉरीच्या पोटातून काकवीसारखा काळा गाळ काढला आणि धोतराच्या फडक्यातून गाळला. तेल्याकडं एरंडेल पाहिजे तेवढं होतं. इंजनात एरंडेल चालतं हे त्यानं फौजेत बघितलं होतं, पण तापून ते डिंक होतं आणि टिनाच्या तेलात मिसळत नाही. त्यानं एरंडेल बाजूला सारलं.

पण पिंपाच्या तळाच्या तेलाचा भरवसा काय? तो गढीच्या स्वैपाकघरात गेला.

"गोपिकाबाई, तवा द्या जरा."

स्वैपाकीण गोपिकाबाई भाकरी थापत होती. "काय भाजतो? ह्या गढीत आजपातुर मान्सं भाजली, तेल कुणी भाजलं न्हाई."

"हळू बोला, मावशी."

"बोलून राह्यले हळूच. तुझेच कान भ्यालेत." तिनं तवा दिला.

त्यानं तापलेल्या तव्यावर तिन्ही तेलांचे थेंब सोडले. कुठलं लगेच पळतं, कुठलं जागा धरून बसतं, धूर कधी येतो, वास कसला, सगळं वाकून बघितलं. चिमटीत घेऊन बोटं चोळली. चोळता चोळता त्याची नजर बोटांवर राहिली. तिथंच राहिली.

"चांगलं निघालं का?" गोपिकाबाईनं विचारलं.

"चांगलं हाये."

"मंग गाडी पोचंल म्हण धावड्याला."

तो बाटल्यांना बुचं लावायला लागला. तिनं तवा परत घेतला, राखेनं घासला, पुन्हा घासला, आणि त्या दिवशी त्याला भाकरी वाढली नाही.

सकाळी फटफटी पहिल्याच लाथेला सुरू झाली. पुंजारामनं इतकं नीट काम फौजेतही केलं नव्हतं. भीती चांगला कारागीर करते माणसाला. आबाराव पुढं, त्याच्या मागं बंदूक घेऊन राधाकिसन, डोलीत पुंजाराम, मांडीवर उरलेल्या तेलाच्या बाटल्या धरून. डोलीतून त्याला फक्त डाव्या अंगाचे माळ आणि बांध दिसत होते, पण तो बघत नव्हता, ऐकत होता. इंजनाच्या प्रत्येक खोकल्याला त्याची बोटं बाटलीभोवती आवळायची.

पिंपळगाव रेणुकाईला गाडी थांबली. असल्या कामाआधी आबाराव रेणुकाईला नारळ फोडायचाच. देवीनं कधी त्याचा नारळ नाकारला नाही, त्याला ती काय करणार.

गाडी देवळासमोरच्या झाडाखाली लागली आणि एक म्हातारा नळा घेऊन पुढं आला. कारभारी त्याचं नाव. बैलगाडीखाली टांगतात तसला बांबूचा नळा, आत वंगण, म्हणजे एरंडेलात खललेली काजळी. ही बिगार जुनी. मुख्त्याराची गाडी गावात थांबली की तिच्या आसाला गावानं फुकट वंगण द्यायचं. आबारावाची बैलांची दमणी होती तेव्हापासूनची रीत, घरोघर पाळी लावलेली. दमणी जाऊन फटफटी आली तरी बिगार बंद झाल्याचं कुणी सांगितलं नाही. आबारावाला वाकलेल्या पाठी बघायला आवडायचं, तो कशाला सांगेल? लोक डोलीच्या चाकाला बाहेरून तेल चोपडून मोकळे व्हायचे. मागच्या खेपेला आबाराव म्हणाला होता, "एवढंच? बाकीचं गावानं चाटलं काय?" आणि चोपडणाऱ्याच्या पाठीवर चाबूक उठला होता. आज पाळी कारभारीची होती.

पुंजारामनं म्हाताऱ्याकडं नीट बघितलंही नाही. त्याला तेल बघायचं होतं. गढीत बघितलं होतं, वेशीवर बघितलं होतं, तरी पुन्हा बघायचं होतं. त्यानं चपट्या पेटीचं टोपण काढलं, बोट घातलं. पातळ, बेताचं, बराबर. एवढ्यात देवळातून हाक आली, "मिस्तरी! नारळ घेऊन ये, जल्दी!" तो टोपण तसंच पेटीवर टेकवून पळाला.

परत आला तेव्हा कारभारी नळा पालथा करून शेवटचा थेंब झटकत होता. पेटीच्या तोंडात.

"समदा वतला, दादा," म्हातारा समाधानानं म्हणाला. "तुमी बोट घातलं तव्हा कळलं, हिचं तोंड इथं हाये म्हून. इतके दिस आमी उगंच बाहेरून चोपडून राह्यलो. आज तरी सरकार मारणार न्हाईत."

पुंजाराम उभा होता तिथंच राहिला. पेटीच्या तोंडाशी काळं दाट एरंडेल काठोकाठ आलं होतं. खालचं बूच काढून सगळं सांडायचं, चकत्या धुवायच्या, पुन्हा पातळ तेल घालायचं, याला वेळ लागतो. आबारावाच्या बुटांचा आवाज पायऱ्यांवर आला होता.

"चुकलं का काय, दादा?" कारभारीचा चेहरा उतरला.

"न्हाई. बराबर झालं." पुंजारामनं टोपण घट्ट आवळलं. "पर कुणाला सांगू नका, बाबा. कुणालाच."

पुंजाराम मोठ्या मनाचा होता असं कुणी समजू नये. टोपण त्यानं उघडं टाकलं होतं. सांगितलं असतं तर आधी म्हाताऱ्याची बोटं गेली असती, मागून त्याची, आणि ढकलायला सगळं पिंपळगाव हजर होतं.

गाडी निघाली. सपाट रस्त्याला ती ओढत होती. पुंजाराम देवाला काय म्हणत होता ते त्यालाच माहीत. मग हळूहळू इंजनाचा आवाज चढायला लागला आणि बाजूची झाडं मात्र होती त्याच चालीनं मागं जात राहिली. चकत्या घसरत होत्या. पायाशी पेटी गरम झाली. वास सुटला, ओळखीचा, प्रत्येक घरातला.

"कसला वास येऊन राह्यला रं?" आबारावानं ओरडून विचारलं.

"बांधावर एरंड जाळत असतीन, सरकार!"

आबारावानं मान हलवली. पुंजारामनं मान खाली घातली. आता धावडा जवळ येत होता आणि धावड्याच्या अलीकडं कोरडा नाला होता, गुडघाभर वाळूचा. वाळूत गाडीला खरा जोर लागतो.

नाल्याच्या मधोमध गाडी थांबली. इंजन बोंबलत होतं, गाडी जागची हालत नव्हती. अगदी त्यानं पागेत सांगितलं होतं तसंच.

आबाराव उतरला. इंजन बंद केलं, पान्यानं पेटीचं टोपण काढलं, वाकून हुंगलं. मग तो सरळ झाला आणि हसला. पुंजाराम डोलीतून उतरला.

"एरंडेल. कुणी घातलं?"

कारभारीचं नाव जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण नाव घेतलं की आबाराव परत पिंपळगावला नेणार, आणि पिंपळगावात माणसं होती. इथं नाल्यात ढकलायला कुणी नव्हतं.

"म्याच, सरकार. चरकीचं तेल पुरलं न्हाई."

"तीन तेलं," आबाराव म्हणाला. "मला शिकवून राह्यला, तीन तेलं. राधाकिसन, धर ह्याला."

राधाकिसननं मनगट धरलं आणि मागच्या दातेरी चाकाशी साखळीवर दाबलं. बंदुकीची नळी मानेला लागली. साखळी उन्हानं तापली होती. चार बोटं साखळीवर, पुढं लोखंडाचे दात, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर.

"ढकलायला कोण पायजे कशाला," आबाराव गाडीवर चढला. "इंजनच हाये की."

लाथ. इंजन सुरू झालं. पहिला गिअर पडल्याचा खटका पुंजारामला हातात कळला. त्यानं डोळे मिटले. दुर्गाबाई आठवली नाही, देव आठवला नाही, फक्त रामकिसनची चिंधी आठवली, तिच्यावरचा पिवळा डाग.

आबारावानं मूठ पिळली. इंजन किंचाळलं. साखळी ताणली, बोटांखाली थरथरली, आणि तिथंच राहिली. आणखी पिळली. धूर आला, एरंडेलाचा निळा कडू धूर, डोळ्यांत, नाकात. चाक वाळूत रुतलेलं, चकत्या घसरत होत्या, आणि साखळी जागची हालत नव्हती. आबाराव शिव्या देत पिळत राहिला. पुंजारामला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की हालणार नाही. पण त्याचा स्वतःचाही त्यावर भरवसा नव्हता. प्रत्येक थरथरीला त्याला वाटायचं, आता.

तो आवाज नाल्यातून धावड्यापर्यंत गेला. फटफटी येतेय हे गावाला कळलं, पण आवाज जवळ येईना, की लांब जाईना. लोक बघायला आले. आधी डोकी दिसली, मग काठ भरला. हातात विळे, काठ्या, काहींच्या हातात काहीच नाही.

आबारावानं मूठ सोडली. इंजन फटफटत राहिलं.

"ए! काय बघता? उतरा खाली. ढकला गाडी!"

कुणी हाललं नाही.

"बहिरे झाले का?"

पुढं एक उंच बाई उभी होती, पदर खोचलेला. झुंबरबाई. "ऐकू येऊन राह्यलं की, सरकार. कव्हाचं येऊन राह्यलं. लई मोठा आवाज हाये."

"ढकला म्हणतो!"

झुंबरबाईनं खाली बघितलं. चाक बघितलं, चाकाशी धरलेला हात बघितला. हसनाबादच्या रस्त्याची गोष्ट धावड्यालाही ठाऊक होती. ती काठावर बसली. मांडी घालून, जेवायला बसावं तशी. मग तिच्या शेजारचा बसला. मग सगळा काठ बसला.

राधाकिसननं बंदूक वर केली, काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, आणि खाली घेतली. पुंजारामच्या मनगटावरची पकड ढिली झाली. "सरकार," तो पुटपुटला, "पायी निघू. लोकं लई हायेत."

आबाराव इंजन बंद करून गाडीवरून उतरला. गाडीशिवाय तो बुटका होता, हे आज पहिल्यांदा दिसलं. "फटफटी न्यायला बैल धाडतो," तो पुंजारामला म्हणाला. "तू हिच्याजवळच बस. धुऊन तूच चालू करायची. बोटं मंग बघू." आणि दोघं नाल्यानं खाली निघाले, वाळूत पाय रुतवत.

झुंबरबाई उतरून आली. "काढ हात."

"निघत न्हाई."

बोटं साखळीवर आखडली होती. तिनं एकेक करून सोडवली. मागं विळेवाले उभे राहिले होते.

"तूच का ह्याचा मिस्तरी? तेल तूच घातलं?"

"म्याच. तीन तेलं घातली. चांगली निवडून." खोटं बोलायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं. "धावड्यापातुर पोचावी म्हून."

कुणीतरी शिवी दिली. झुंबरबाईनं हात वर केला. "मंग थांबली कशी?"

कारभारीचं नाव पुन्हा जिभेवर आलं. आबाराव अजून वळणापाशी दिसत होता. "वंगण जास्ती झालं," पुंजाराम म्हणाला.

"आन् आता? मोडली का कायमची?"

"न्हाई." त्यानं इंजनाकडं बघितलं. "चकत्या धुवायच्या, पातळ तेल घालायचं. उद्या पुन्हा चालती."

"कोण धुणार?"

"मीच. आणिक कोण."

झुंबरबाईनं त्याच्या बोटांकडं बघितलं. पुंजारामनं पिशवीतून पाना काढला. पाना इंजनाखालच्या बुचावर बसेना, दोनदा वाळूत पडला. शेवटी बूच निघालं. तव्यावर पारखलेलं, जिनातून आणलेलं दाट तेल इंजनाच्या पोटातून सांडलं आणि वाळूनं पिऊन टाकलं. मग त्यानं गिअर मोकळा केला, लाथ मारून इंजन सुरू केलं आणि मूठ शेवटापर्यंत पिळून धरली.

आवाज ऐकून वळणावर आबाराव थबकला. फटफटी चालू झाली! तो वळला, हात हलवत परत धावायला लागला. पुंजारामला तो दिसत होता, मोठा मोठा होत जाणारा. मूठ सोडून पळून जावं असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं. इंजन तापलं, आवाज कोरडा झाला, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. पिस्टन अजून धरत नव्हता. आबाराव आता काय ओरडतोय ते ऐकू यायला लागलं.

मग आत काहीतरी कचकन धरलं आणि सगळं गप झालं.

आबाराव दगड मारल्यागत उभा राहिला. पुंजारामच्या मागं विळे घेतलेली माणसं होती, पुढं तो होता, आणि जालन्यात दुर्गाबाई एकटी होती. पुंजारामनं आपले तेलकट हात बघितले आणि दोन्ही खिशात घातले.